अँटिव्हायरसची वेबतपासणी आणि फायरवॉल एकमेकांना अडवतात तेव्हा

कापसाचा हंगाम भरात असतो. चोपड्याच्या किंवा शहाद्याच्या एखाद्या जिनिंगच्या आवारात गाठींनी भरलेला ट्रक वजनकाट्यावरून उतरून उभा असतो, चालक ई-वे बिलाची वाट पाहत असतो आणि कार्यालयातल्या संगणकावर ते बिल काढण्याचे संकेतस्थळ काही केल्या उघडत नाही. त्याच वायफायवर मोबाइलमध्ये मात्र ते लगेच उघडते. राउटर बंद करून पुन्हा चालू केला जातो, इंटरनेटवाल्याला फोन जातो, तो आपल्या बाजूने पाहून लाइन बरोबर असल्याचे सांगतो आणि त्याचे म्हणणे खरेही असते. शेवटी कोणीतरी फायरवॉल बंद करून पाहतो, संकेतस्थळ उघडते, बिल निघते, ट्रक मार्गाला लागतो आणि फायरवॉल मात्र पुढचे कित्येक महिने तशीच बंद राहते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील जिनिंग, डाळमिल, आडत दुकाने, कर सल्लागारांची कार्यालये आणि आपले सरकार सेवा केंद्रे यांचा कारभार आता अशाच एक-दोन संगणकांवर चालतो. त्यांत जीएसटीचे पासवर्ड असतात, बँकेचे व्यवहार असतात, गावोगावच्या शेतकऱ्यांची आधार व सातबाऱ्याची कागदपत्रे असतात. अशा संगणकाची फायरवॉल बंद ठेवणे हा उपाय होऊ शकत नाही, आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते. अडचण बहुधा एवढीच असते की संरक्षणासाठी ठेवलेले दोन प्रोग्राम एकाच वाटेवर उभे असतात आणि त्यांपैकी एकाला दुसऱ्याचे काम ओळखू येत नाही. ते कसे घडते हे समजले, तर नेमकी एक गोष्ट बदलून प्रश्न सोडवता येतो.

आधी फायरवॉलचे काम पाहू. संगणकात येणारी आणि संगणकातून बाहेर जाणारी प्रत्येक जोडणी ती पाहते आणि तीन-चार गोष्टींवरून निर्णय घेते: जोडणी कोणत्या पत्त्याशी आहे, कोणत्या पोर्टवर (म्हणजे जोडणीच्या क्रमांकित दारावर) आहे, कोणत्या दिशेने आहे आणि ती कोणत्या प्रोग्रामने मागितली आहे. जोडणीच्या आत कोणता मजकूर जातो आहे, याच्याशी तिचा सहसा संबंध नसतो. विंडोज एक्सपीच्या २००४ मध्ये आलेल्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून विंडोजची स्वतःची फायरवॉल मुळातच चालू असते. तिचा मूळ स्वभाव असा आहे की बाहेरून न मागता येणारे सर्व अडवायचे आणि आतून बाहेर जाणारे सर्व जाऊ द्यायचे. त्यामुळे कोणी हात न लावलेली विंडोज फायरवॉल ब्राउझरला सहसा अडवत नाही. अडवणूक दिसली, तर बहुतेक वेळा तिथे अँटिव्हायरसबरोबर आलेली दुसरी फायरवॉल असते, किंवा कोणीतरी बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठीही कडक नियम लावलेले असतात.

वेबतपासणीचे काम निराळे आहे. तिला मजकूर पाहायचा असतो. ब्राउझर एखादे पान मागवतो, तेव्हा ते पान ब्राउझरच्या हाती पडण्याआधी त्यात काही घातक आहे का, हे तिला तपासायचे असते, आणि त्यासाठी तिला ब्राउझर व संकेतस्थळ यांच्या मध्ये उभे राहावे लागते. ब्राउझरने बाहेर जाण्यासाठी केलेली जोडणी अँटिव्हायरस आपल्याकडे वळवून घेतो आणि मग स्वतःच्या नावाने संकेतस्थळाशी दुसरी जोडणी करतो. म्हणजे जिथे एक जोडणी असायला हवी होती, तिथे दोन होतात: एक संगणकाच्या आतल्या आत, ब्राउझरपासून अँटिव्हायरसपर्यंत, आणि दुसरी अँटिव्हायरसपासून बाहेरच्या जगापर्यंत.

संघर्षाचे मूळ या दुसऱ्या जोडणीत आहे. बाजार समितीत माल शेतकऱ्याचा असतो, पण सौदा आडत्यामार्फत होतो आणि फाटकातून बाहेर पडणाऱ्या गाडीच्या कागदावर आडत्याचे नाव असते. फाटकावरच्या माणसाला नावे पाहूनच गाडी सोडायला सांगितलेले असेल, तर शेतकऱ्याचे नाव त्याच्या यादीत असूनही उपयोग होत नाही. फायरवॉलच्या यादीत ब्राउझरला परवानगी असते, पण दारात उभा असतो अँटिव्हायरस. त्याचे नाव यादीत नसेल, तर जोडणी अडते. ब्राउझरला एवढेच कळते की उत्तर आले नाही, आणि तो पडद्यावर ‘ही साइट उघडू शकत नाही’ एवढेच लिहितो.

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. अँटिव्हायरसला एकदा बाहेर जाण्याची सरसकट परवानगी दिली की ८० आणि ४४३ या वेबच्या पोर्टवरून बाहेर जाणारा इतर कोणताही प्रोग्राम त्याच्या नावाखाली निघून जाऊ शकतो. एखाद्या लेखापालाने बिलिंगच्या प्रोग्रामला बाहेर जाऊ देऊ नये असा नियम मुद्दाम केला असेल आणि वेबतपासणी सर्व प्रोग्रामच्या जोडण्या वळवून घेत असेल, तर तो नियम कागदावरच राहतो. एकाच कंपनीच्या संचातील अँटिव्हायरस आणि फायरवॉल एकमेकांना मूळ प्रोग्रामचे नाव कळवू शकतात; वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाबतीत तशी खात्री धरता येत नाही. म्हणून ‘परवानगी दिली आणि साइट उघडली’ एवढ्यावर थांबू नये, कशाला परवानगी दिली हेही पाहावे.

कुलूप असलेल्या जोडणीचा प्रश्न

आज जवळजवळ सर्व संकेतस्थळे एचटीटीपीएस वापरतात, म्हणजे ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातला मजकूर कुलूपबंद असतो. मध्ये उभ्या असलेल्या अँटिव्हायरसलाही तो वाचता येत नाही. संकेतस्थळ खरे आहे हे ब्राउझर त्याच्या डिजिटल प्रमाणपत्रावरून ओळखतो. म्हणून मजकूर वाचण्यासाठी अँटिव्हायरस स्वतःचे एक मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या कोठारात बसवतो, आणि प्रत्येक संकेतस्थळासाठी त्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारे जागच्या जागी नवे प्रमाणपत्र तयार करून ब्राउझरला दाखवतो. ब्राउझरला कोठारात ते मूळ प्रमाणपत्र सापडले, की तो समाधानी होतो.

हे आपल्या संगणकावर चालू आहे का, हे मिनिटभरात पाहता येते. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर दाबून प्रमाणपत्राची माहिती उघडावी आणि ‘कोणी दिले’ या रकान्यात काय आहे ते वाचावे. तिथे एखाद्या प्रसिद्ध प्रमाणपत्र संस्थेऐवजी तुमच्या अँटिव्हायरसचे नाव असेल, तर एचटीटीपीएस तपासणी चालू आहे. तिथे तिसरेच अनोळखी नाव दिसले, तर मात्र प्रश्न गंभीर आहे आणि त्या संगणकावरून बँकेचा व्यवहार लगेच थांबवावा. २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात लेनोवोच्या काही लॅपटॉपवर आधीच भरून दिलेल्या सुपरफिश नावाच्या जाहिरातींच्या प्रोग्रामने असेच स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवले होते आणि त्यामुळे त्या लॅपटॉपवरील कुलूपबंद जोडण्या परक्याला फोडता येण्याजोग्या झाल्या होत्या.

फायरफॉक्स या ब्राउझरची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तो स्वतःचे प्रमाणपत्रांचे कोठार बाळगतो. अँटिव्हायरसने आपले प्रमाणपत्र फक्त विंडोजच्या कोठारात ठेवले, तर क्रोम आणि एज चालतात पण फायरफॉक्स प्रत्येक पानावर धोक्याची सूचना देतो. २०१९ च्या जुलैमध्ये आलेल्या ६८ व्या आवृत्तीपासून अशी अडचण दिसल्यास फायरफॉक्स विंडोजच्या कोठाराकडेही पाहून घेतो, तरी जुन्या संगणकांवर हा त्रास अजून भेटतो. ‘एका ब्राउझरमध्ये चालते, दुसऱ्यात नाही’ ही तक्रार आली, तर फायरवॉलच्या मागे लागण्याआधी प्रमाणपत्र पाहावे.

त्याहीआधी घड्याळ पाहावे. वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणच्या जुन्या संगणकात मदरबोर्डवरचा छोटा गोल सेल संपलेला असतो, वीज परत आल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते, आणि प्रमाणपत्राची मुदत त्या तारखेला जुळत नसल्याने सर्व संकेतस्थळे एकदम धोक्याची वाटू लागतात. यात अँटिव्हायरसचाही दोष नसतो आणि फायरवॉलचाही.

परवानगी देऊनही का अडते

विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने जोडण्या तपासण्यासाठी एक समान पाया तयार केला, त्याला विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म म्हणतात. विंडोजची फायरवॉल, इतर कंपन्यांची फायरवॉल आणि अँटिव्हायरसची वेबतपासणी हे सर्व आता बहुतेक करून याच पायावर आपापल्या चाळण्या बसवतात. या पायाचा एक नियम लक्षात ठेवला, तर पुष्कळ गोंधळ टळतो. एका चाळणीने ‘अडवा’ म्हटले आणि दुसऱ्या कंपनीच्या चाळणीने ‘जाऊ द्या’ म्हटले, तर सर्वसाधारणपणे अडवणेच टिकते. विंडोजच्या फायरवॉलमध्येही परवानगीचा आणि मनाईचा असे दोन नियम एकाच जोडणीला लागू पडले, तर मनाई वरचढ ठरते.

म्हणूनच ‘मी तर फायरवॉलमध्ये परवानगी दिली आहे, तरी चालत नाही’ ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते. परवानगी विंडोजच्या फायरवॉलमध्ये दिलेली असते आणि अडवणारी चाळणी अँटिव्हायरसच्या संचातील असते. अशा वेळी विंडोजमध्ये परवानगीचे दहा नियम केले तरी फरक पडत नाही. आधी विंडोज सिक्युरिटी उघडून ‘फायरवॉल आणि नेटवर्क संरक्षण’ या पानावर कोणत्या कंपनीची फायरवॉल कामावर आहे, ते पाहावे लागते.

मनाईचे नियम नकळतही तयार होतात. ऐन कामाच्या गर्दीत ‘या प्रोग्रामला परवानगी द्यायची का’ अशी खिडकी पडद्यावर येते, ती घाईने ‘रद्द’ करून बंद केली जाते आणि विंडोज त्या प्रोग्रामसाठी बाहेरून येणाऱ्या जोडण्यांवर मनाईचा नियम कायमचा नोंदवून ठेवते. इतर कंपन्यांच्या फायरवॉल बाहेर जाणाऱ्या जोडण्यांबद्दलही असे विचारतात. अँटिव्हायरसची नवी आवृत्ती आली, की त्याची फाइल बदलते, कधी तिचे फोल्डरही बदलते, फायरवॉलला तो अनोळखी प्रोग्राम वाटतो आणि जुना परवानगीचा नियम निरुपयोगी होतो. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरच्या मुख्य फाइली आवृत्तीच्या क्रमांकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे ज्या कार्यालयाने बाहेर जाणारे सर्व अडवून ठराविक मार्गाला परवानगी दिली आहे, तिथे अद्ययावतीकरणानंतर नियम तुटू शकतो. ‘काल संध्याकाळपर्यंत चालत होते, कोणी काही केले नाही’ असे सांगणारा माणूस खरेच बोलत असतो; बदल संगणकाने रात्रीतून आपणहून केलेला असतो.

दोष कोणाचा, हे ठरवण्याची रीत

पहिली गोष्ट, संगणकाच्या बाहेरचा दोष वगळावा. त्याच वायफायवर फोनमध्ये संकेतस्थळ उघडते का, ते पाहावे. मग संगणकात कमांड प्रॉम्प्ट उघडून एखाद्या मोठ्या संकेतस्थळाला पिंग करून (म्हणजे उत्तर येते का हे पाहणारी छोटी हाक देऊन) पाहावे. पिंगला उत्तर येते, नावावरून पत्ता सापडतो, पण ब्राउझरमध्ये पान उघडत नाही, असे असेल तर लाइन आणि नावावरून पत्ता शोधण्याची सोय ठीक आहेत. पिंगची जोडणी वेबतपासणीतून जात नाही, म्हणून ती चालते आणि वेब अडते. (काही सरकारी संकेतस्थळे पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, त्यामुळे या चाचणीसाठी ती वापरू नयेत.) आणखी एक खूण उपयोगी पडते. गूगल आणि यूट्यूब झटकन उघडतात पण बाकीची अनेक संकेतस्थळे अडतात, असे दिसले तर क्विक (QUIC) या वेबजोडणीच्या नव्या पद्धतीचा विचार करावा. २०२१ मध्ये प्रमाणित झालेली ही पद्धत टीसीपी या माहिती वाहून नेण्याच्या नेहमीच्या रीतीऐवजी यूडीपी या दुसऱ्या रीतीच्या ४४३ पोर्टवरून चालते, आणि अनेक वेबतपासण्या फक्त टीसीपीकडे पाहतात. तेव्हा जे क्विकवरून गेले ते सुटले आणि जे तपासणीत गेले ते अडकले, असा त्याचा अर्थ होण्याची शक्यता मोठी असते.

दुसरी गोष्ट, बाहेर खरोखर कोण बोलते आहे ते डोळ्यांनी पाहावे. कमांड प्रॉम्प्ट प्रशासकाच्या अधिकाराने उघडून ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा, तिच्यापुढे एक रिकामी जागा, आडवी छोटी रेघ आणि ए, एन, ओ ही तीन इंग्रजी अक्षरे जोडून द्यावी. पडद्यावर ओळींची मोठी यादी येते. प्रत्येक ओळीत डावीकडे आपला पत्ता, मग पलीकडचा पत्ता, मग जोडणीची स्थिती आणि सर्वांत उजवीकडे प्रोग्रामचा क्रमांक असतो. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ या पानावर त्याच क्रमांकासमोर प्रोग्रामचे नाव सापडते. ब्राउझरच्या क्रमांकासमोर १२७.०.०.१ हा पत्ता आणि अँटिव्हायरसच्या क्रमांकासमोर बाहेरचा पत्ता व ४४३ हे पोर्ट दिसले, तर जोडणी वळवली जात आहे हे सिद्ध झाले. १२७.०.०.१ म्हणजे संगणकाचा स्वतःशीच बोलण्याचा पत्ता. बाहेरच्या पत्त्याच्या ओळीत स्थिती ‘एस्टॅब्लिश्ड’ असेल तर जोडणी झालेली आहे. ती बराच वेळ ‘सिन सेंट’वरच अडून राहिली असेल, तर हाक गेली पण उत्तर आले नाही, म्हणजे वाटेत कोणीतरी ती गिळली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलाचा परिणाम कागदावर लिहावा. अँटिव्हायरस पूर्ण बंद करू नये. त्याच्या सेटिंगमध्ये फाइलतपासणी आणि वेबतपासणी ही वेगळी बटणे असतात. क्विक हील असो, के७ असो किंवा ईसेट, नावे थोडी बदलतात पण विभागणी तीच असते. त्यांतील फक्त वेबतपासणी दहा मिनिटांसाठी थांबवावी, ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा आणि तेच संकेतस्थळ पाहावे. मग वेबतपासणी पूर्ववत चालू करावी आणि आता फायरवॉलच्या बाजूने चाचणी घ्यावी. फायरवॉल बंद करण्याऐवजी अँटिव्हायरसच्या वेबतपासणीच्या प्रोग्रामला बाहेर जाण्याची तात्पुरती परवानगी देऊन पाहणे अधिक सुरक्षित आहे. ते जमतच नसेल, तरच फायरवॉल एक-दोन मिनिटे थांबवावी, आणि तेही शेजारचे संगणक त्याच नेटवर्कवर नसतील अशा वेळी.

आता निष्कर्ष काढता येतो. वेबतपासणी थांबवल्यावर संकेतस्थळ उघडते आणि फायरवॉलच्या बाजूने काहीही बदलले तरी फरक पडत नाही, तर दोष वेबतपासणीचा आहे आणि फायरवॉलला हात लावण्याचे कारण नाही. वेबतपासणी असो वा नसो, फायरवॉलचा नियम बदलल्याखेरीज उघडत नाही, तर दोष नियमाचा आहे. दोन्ही चालू असताना अडते आणि दोहोंपैकी कोणतेही एक थांबवले की उघडते, तरच त्याला खरा संघर्ष म्हणावे. माझ्या मते ही विभागणी न करता सेटिंग बदलत राहणे हेच बहुतेक बिघाड लांबण्याचे कारण असते, कारण तिसऱ्या बदलानंतर कोणत्या बदलाने काय झाले ते कोणालाच सांगता येत नाही.

पुरावा हवा असेल, तर विंडोज फायरवॉलची नोंदवही चालू करता येते. प्रगत सुरक्षा असलेल्या फायरवॉलच्या खिडकीत ‘प्रॉपर्टीज’मध्ये प्रत्येक प्रोफाइलसाठी (नेटवर्कच्या प्रकारानुसार लागणाऱ्या नियमसंचासाठी) लॉगिंगचा भाग असतो, तिथे अडवलेल्या पॅकेटची (माहितीच्या तुकड्यांची) नोंद ठेवण्यास ‘होय’ म्हणावे लागते, कारण मुळात ती बंद असते. त्यानंतर तयार होणाऱ्या फाइलमध्ये ‘ड्रॉप’ या शब्दाची, ४४३ पोर्टची आणि शेवटी ‘सेंड’ असलेली ओळ सापडली, तर बाहेर जाणारी जोडणी विंडोजच्या फायरवॉलनेच अडवली असे म्हणता येते. अशी ओळ मुळीच नसेल, तर अडवणारा दुसरा कोणीतरी आहे.

उपाय, दोषाच्या जागेप्रमाणे

दोष फायरवॉलच्या नियमाचा असेल, तर अँटिव्हायरसच्या वेबतपासणी करणाऱ्या प्रोग्रामला टीसीपीच्या ८० व ४४३ पोर्टवर बाहेर जाण्याची परवानगी द्यावी, सरसकट सर्व पोर्टवर देऊ नये, आणि जुने तुटलेले नियम काढून टाकावेत. दोष वेबतपासणीचा असेल, तर ती संपूर्ण बंद न करता फक्त त्या एका संकेतस्थळाला किंवा एका प्रोग्रामला वगळावे. वगळलेल्या संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल उघडताना फाइलतपासणी चालू असतेच, त्यामुळे संरक्षण पूर्ण नाहीसे होत नाही. बँकेचे आणि कराचे संकेतस्थळ वगळण्यास मला हरकत दिसत नाही. तिथे मजकुराच्या तपासणीपेक्षा खरे प्रमाणपत्र ब्राउझरने स्वतः पडताळणे अधिक मोलाचे आहे, आणि काही अँटिव्हायरस बँकांना आपणहून वगळतातही.

एका संगणकावर दोन कंपन्यांची फायरवॉल कधीही ठेवू नये. दोन वेबतपासण्याही ठेवू नयेत, कारण मग एकाने वळवलेली जोडणी दुसरा पुन्हा वळवतो आणि प्रमाणपत्रावर प्रमाणपत्र चढते. जिनिंगच्या किंवा दुकानाच्या संगणकासाठी विंडोजची स्वतःची फायरवॉल आणि एकच, वेगळी फायरवॉल नसलेला अँटिव्हायरस, ही मांडणी मला सर्वांत कमी त्रासाची वाटते.

फायरवॉल ‘नको’ म्हणून तिची सेवाच (पार्श्वभूमीत चालणारा तिचा प्रोग्राम) थांबवून टाकणारेही असतात. मायक्रोसॉफ्ट त्याविरुद्ध स्पष्ट सूचना देते, कारण त्या सेवेवर विंडोजच्या इतर अनेक गोष्टी अवलंबून आहेत. स्टार्ट मेनू न उघडणे, ॲप अद्ययावत न होणे असे परिणाम त्यातून होतात. बेस फिल्टरिंग इंजिन ही सेवा थांबली, तर वर सांगितलेला सारा पायाच निखळतो. आणि फायरवॉल राउटरमध्ये आहे म्हणून संगणकात नको, हेही बरोबर नाही. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम ४४५ या पोर्टवरून कार्यालयातल्या एका संगणकातून दुसऱ्यात कोणी काही न दाबता शिरत होता. राउटर बाहेरचे दार पाहतो. शेजारच्या टेबलावरून येणाऱ्याला संगणकाची स्वतःची फायरवॉलच थांबवते.

सेवा केंद्रातले बोटाचे यंत्र

आपले सरकार सेवा केंद्रांत हा संघर्ष वेगळ्या रूपात दिसतो आणि लोकांची फार गैरसोय करतो. पीएम किसानची ई-केवायसी करायला आलेला शेतकरी बोट ठेवतो, यंत्राचा दिवा लागतो, पण पानावर ‘यंत्र सापडले नाही’ असे येते. बाहेर रांग वाढते, “भाऊ, मशीन खराब आहे का?” असे विचारले जाते, आणि कित्येकदा यंत्र उत्तम असते.

आधारसाठी वापरल्या जाणाऱ्या अशा यंत्रांबरोबर आरडी सर्व्हिस नावाचा एक छोटा प्रोग्राम संगणकात चालतो. ब्राउझरमधले पान त्याच्याशी १२७.०.०.१ या आतल्या पत्त्यावर, ११००० च्या घरात असलेल्या ठराविक पोर्टवर बोलते. आधार प्राधिकरणाने त्यासाठी १११०० ते १११२० ही पोर्टची मालिका ठरवून दिली आहे. पान एकेका पोर्टवर हाक मारत जाते आणि जिथून उत्तर येईल तिथे यंत्र आहे असे मानते. वेबतपासणी सर्व पोर्टवरील जोडण्या वळवत असेल किंवा आतल्या जोडणीचे प्रमाणपत्र तिला संशयास्पद वाटत असेल, तर ही हाक वाटेतच विरते. डिजिटल सहीच्या टोकनचे प्रोग्रामही असेच आतल्या पत्त्यावर बोलतात, म्हणून जीएसटीच्या सहीलाही हीच अडचण येते.

विंडोजची फायरवॉल संगणकाने स्वतःशी केलेली जोडणी सहसा अडवत नाही, म्हणून इथे फायरवॉल बंद करून पाहण्यात वेळ घालवू नये. आधी आरडी सर्व्हिस चालू आहे का ते ‘सर्व्हिसेस’च्या यादीत पाहावे, मग नेटस्टॅटच्या यादीत १११०० किंवा त्याच्या पुढच्या पोर्टसमोर ‘लिसनिंग’ असे येते का ते पाहावे. येत असेल आणि तरी पानाला यंत्र सापडत नसेल, तर अँटिव्हायरसच्या वेबतपासणीत १२७.०.०.१ हा पत्ता आणि आरडी सर्व्हिसचा प्रोग्राम वगळावा. अलीकडे क्रोमनेही अशा आतल्या जोडणीसाठी परवानगी विचारायला सुरुवात केली आहे. ती खिडकी चुकून नाकारली गेली असेल, तर त्या संकेतस्थळाच्या सेटिंगमध्ये जाऊन परवानगी परत द्यावी लागते.

एक वेगळा प्रकार इथेच सांगून ठेवतो, कारण त्याचा ठपका नेहमी अँटिव्हायरसवर येतो. राउटर बदलला की विंडोज त्याला नवे नेटवर्क समजते आणि बहुधा ‘सार्वजनिक’ प्रोफाइल लावते. मग आतल्या खोलीतल्या संगणकावरून मुख्य संगणकावरचे टॅली उघडत नाही, कारण त्याची परवानगी ‘खासगी’ प्रोफाइलपुरतीच दिलेली असते. नेटवर्क खरोखर आपले असेल, तर प्रोफाइल खासगी करावे. टॅलीसाठी वेगळे काही करावे लागत नाही.

काढून टाकल्यानंतरचे अवशेष

जुना अँटिव्हायरस काढून नवा घेताना सर्वांत हट्टी बिघाड होतात. नियंत्रण पटलातून काढलेला अँटिव्हायरस आपल्या चाळण्या, मूळ प्रमाणपत्र किंवा प्रॉक्सीची (ज्या मधल्या पत्त्यामार्फत ब्राउझरने बाहेर जायचे त्याची) नोंद मागे ठेवून जाऊ शकतो. विंडोजच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता आणि एखादे पोर्ट राहून गेले आणि तिथे ऐकणारे कोणी उरले नाही, तर कोणतेच पान उघडत नाही. ती नोंद काढली की लगेच उघडते. बहुतेक कंपन्या स्वतःचा अँटिव्हायरस पूर्ण काढण्यासाठी वेगळा छोटा प्रोग्राम देतात, तो कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा, चालवावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मगच नवा अँटिव्हायरस घालावा. जुन्या पद्धतीच्या वेबतपासण्या विंडोजच्या विन्सॉक या नेटवर्क जोडणी सांभाळणाऱ्या भागात आपला दुवा घालत असत. तो तुटका राहिला, तर विन्सॉक पूर्ववत करण्याची नेटशेल या विंडोजमधल्या साधनाची आज्ञा देऊन संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. ही आज्ञा देण्याआधी आधीच्या सर्व चाचण्या झालेल्या असाव्यात, कारण व्हीपीएनसारख्या काही चालू प्रोग्रामचे दुवेही तिच्यामुळे जातात.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर अँटिव्हायरस कंपनीच्या मदत केंद्राला फोन करताना हातात काही गोष्टी तयार ठेवाव्यात: विंडोजची आणि अँटिव्हायरसची आवृत्ती, कामावर असलेल्या फायरवॉलचे नाव, अडणाऱ्या संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता, पडद्यावरच्या सूचनेचे छायाचित्र, नेटस्टॅटमधील त्या वेळच्या ओळी आणि कोणता एक बदल केल्यावर काय झाले याचा कागद. पासवर्ड किंवा ओटीपी कोणीही मागितला तरी देऊ नये. दुरून संगणक हाताळण्याची परवानगी दिलीच, तर बँकेची आणि कराची सर्व पाने आधी बंद करावीत आणि काम संपेपर्यंत पडद्यासमोरून उठू नये.